तिसऱ्या चमच्याबरोबरची गोळी

औषधवाल्या बाईंच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक जाड निळं पेन दोरीने बांधलेलं होतं. त्या पेनाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कुठल्याही गोळ्यांच्या पाकिटावर बाई त्या पेनाने स्वतः लिहायच्या: सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणासोबत. अक्षरं एवढी ठळक, की चष्मा घरी विसरून आलेल्या माणसालाही वाचता यावीत. बावीस वर्षांत आपल्या हातून एकही चुकीची गोळी गेली नाही, हे बाई सगळ्यांना सांगत. ज्याने विचारलं नाही त्याला जरा जास्तच सांगत.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. कुणी "पण जेवणासोबतच का?" असं विचारलं, की त्या चष्म्यावरून बघायच्या. "लिहिलंय ना? मग तसं घ्या. मागे रांग आहे." मागे कुणी नसलं तरी उत्तर हेच. विचारणारा निमूटपणे पाकीट खिशात टाकायचा आणि चालू लागायचा.

बाईंचा धाकटा भाऊ म्हणजे बारक्या. आता चाळिशी उलटलेला, दारातून वाकून आत येणारा, पण घरात एकदा नाव पडलं ते पडलं. आई लवकर गेली, तेव्हा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या या बहिणीनेच त्याला भरवून वाढवलं. भरवणं कसलं, ती शिक्षाच होती. पोरगं घास तोंडात घ्यायचं आणि गालात धरून बसायचं. घड्याळाचा मोठा काटा अर्धी फेरी मारायचा, पण घास तिथेच. बाई समोर फतकल मारून "गिळ, गिळ आता, गिळतोस की नाही?" असा जप करत बसायच्या.

पुढे त्याच पोराला सॉस आणि सुपांच्या कारखान्यात चव बघायची नोकरी लागली. बाई पोट धरधरून हसल्या होत्या. "गालात घास धरायचा पगार मिळणार म्हण की तुला!" कारखान्यात त्याला सगळे जीभसाहेब म्हणत. कुठला सॉस बाटलीत भरायचा आणि कुठला गटारात ओतायचा, हे त्याची जीभ ठरवायची. बाईंना त्याचा केवढा अभिमान! पण कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुकान काही सुटत नव्हतं, आणि भाऊ तिथे नेमकं काय करतो हे बघायला त्या कधी म्हणजे कधीच गेल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांपूर्वी जीभसाहेबांचा उजवा खांदा धरला. "दिवसभर चमचा उचलून उचलून," असं तो म्हणाला आणि बाईंना टिंगलीला आयतंच निमित्त मिळालं. डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी लिहून दिली, दिवसाला दोन, तीन आठवडे. बाईंनी गोळ्या मोजून पाकिटात घातल्या, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत 'जेवणासोबत' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. भाऊ होता ना. शिवाय दर दोन-चार दिवसांनी फोन करून खात्रीही करून घेतली.

"जेवणासोबत घेतोयस ना रे?"

"अगं ताई, दिवसभर अन्नातच तर असतो मी. एकही चुकवलेली नाही."

"शहाणा माझा तो."

आणि मग तो फोन आला. सकाळचे साडेअकरा वाजले होते, बाई खोकल्याच्या बाटल्या मांडणीत लावत होत्या. फोनवर भावजय होती आणि तिच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हता. "ताई, हे कामावर पडले. तोंडातून रक्त आलं. रक्त, ताई, वाडगाभर." बाईंच्या हातातली बाटली खाली पडली, फुटली, आणि चिकट लाल औषध त्यांच्या चपलेखाली पसरत गेलं. दुकानाचं शटर आपण ओढलं की नाही, हेसुद्धा त्यांना नंतर आठवेना.

इस्पितळात भाऊ खाटेवर आडवा होता. चेहरा पांढराफटक, ओठसुद्धा पांढरे. हातात नळी, नळीच्या वर रक्ताची पिशवी. एवढा थोराड माणूस, पण चादरीखाली तिथे कुणी आहे की नाही असं वाटावं. दुकानात रोज आजारी माणसं बघणाऱ्या बाईंना आपल्या माणसाकडे मात्र बघवेना.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, बोलायला सरळ. "पोटात दुर्बीण घालून बघितलं. दोन जखमा आहेत. एकीतून रक्त वाहत होतं, ते आम्ही बंद केलंय. उद्या दुपारपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही तर निभावलं. झालं, तर पोट उघडावं लागेल, आणि अंगात रक्त इतकं कमी असताना ते मला नकोय. चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, असं आता सांगतात. घरी कुणाला बोलले नाहीत?"

भावजयीने मान हलवली. बोलला नव्हता. लाज वाटली म्हणे. बाईंना वाटलं, उठवून दोन थोबाडीत द्याव्यात.

"दुखण्यावरची गोळी रिकाम्या पोटी घेत होते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही!" बाई उसळल्याच. "गोळ्या माझ्या दुकानातल्या आहेत. पाकिटावर माझ्या हाताने लिहिलंय, जेवणासोबत. मी फोन करून विचारत होते. एकही रिकाम्या पोटी गेलेली नाही."

"सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर जेवताना घेतात," भावजय म्हणाली. "मी बघितलंय."

"पोट तसं सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि बाकीच्या दिवशी?"

"कामावर घेतात."

"मग गोळ्यांचं पाकीट तिथेच असेल. मला ते हवंय. किती घेतल्या, सोबत आणखी काही घेत होते का, सगळं. कुणीतरी जाऊन आणा."

भावजय खाट सोडायला तयार नव्हती. बाई निघाल्या. रागातच निघाल्या. कालची पोर मला औषध शिकवते! पाकीट आणून हिच्या टेबलावर आपटते, बघ म्हणावं स्वतःच्या डोळ्यांनी. एकीकडे भीती आणि दुसरीकडे हा राग. खरं सांगायचं तर त्या रागानेच त्यांना उभं धरलं होतं.

चव बघायची खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. पांढऱ्या भिंती, पांढरं लांब टेबल, एकच मोठी खिडकी. खाली भल्यामोठ्या पातेल्यांतून टोमॅटो रटरटत होते, पण खोलीत वासाचा मागमूस नव्हता. टेबलावर आकडे लावलेल्या छोट्या वाट्या, त्यांच्यापुढे चमच्यांची रांग, कोमट पाण्याचा पेला. आणि खुर्चीच्या उजव्या हाताला स्टीलचं खोलगट भांडं, खाली नळी जोडलेलं. तिथे एक वयस्कर बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या. जीभसाहेबांनी चव सांगायची आणि यांनी ती वहीत उतरवायची, असं अठरा वर्षं चाललेलं. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"आहेत ना हो साहेब?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"आहे. काय झालं नेमकं?"

"एकोणिसावा नमुना चालू होता. मोहरीचा सॉस, पिवळाधमक. साहेब भांड्यावर वाकले. मी वहीत लिहीत होते, सहज नजर गेली तर भांड्यात लाल. मला वाटलं टोमॅटोचा आहे. मी म्हटलं, साहेब, नमुना चुकला वाटतं. आणि मग ते खुर्चीवरून घसरलेच." त्यांनी तोंडाला पदर लावला. "टोमॅटो म्हणाले हो मी."

पण बाई पाकिटासाठी आल्या होत्या. "त्याच्या गोळ्या कुठे असतात?"

वहीवाल्या बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. खुर्चीत बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा जागी पाकीट टाचणीने लावलं होतं. निळी, ठळक अक्षरं. खाली दोन रेघा.

"बघा!" बाई म्हणाल्या. "जेवणासोबत. मी सांगितलं तर डॉक्टरांना पटेना. घेत होता ना तो तशीच?"

"अगदी तशीच. साहेब शिस्तीचे." वहीवाल्या बाईंनी वही उघडली. "मी खूणच करत होते. पहिल्या दोन नमुन्यांनी जीभ जागी होते, म्हणून गोळी तिसऱ्या चमच्याबरोबर. पाण्याच्या घोटाने गोळी आत, लगेच वरून तिसरा नमुना. संध्याकाळची पाच वाजता, शेवटून तिसऱ्या चमच्याबरोबर. हे बघा, तेहेतीस खुणा. सुट्ट्या सोडल्या तर एकही चुकलेली नाही."

बाई वहीकडे बघत होत्या. तिसरा नमुना, व्हिनेगरचा सॉस, खूण. तिसरा नमुना, मिरचीचा सॉस, खूण. मग त्यांची नजर हळूहळू वहीवरून त्या स्टीलच्या भांड्याकडे गेली.

"हे भांडं कशाला आहे?"

"थुंकायला."

"काय थुंकायला?"

"नमुना हो." वहीवाल्या बाईंना प्रश्नच कळेना. "दिवसाला साठ नमुने. गिळायला लागले तर दहाव्यालाच जीभ मेली. चव बघणारा माणूस गिळत नाही कधी. अठरा वर्षांत साहेबांनी या टेबलावर एक चमचा पोटात घातलेला नाही."

"आणि नाश्ता? जेवण?"

"भरल्या पोटी जीभ खोटं बोलते म्हणतात ते. सकाळपासून उपाशीच असतात. काम आटोपलं की घरी जाऊन जेवतात."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. असं नुसतं म्हणतात सगळे, पण त्यांनी खरोखर टेबलाची कड पकडली. तेहेतीस वेळा. तेहेतीस वेळा गोळी एकटी पोटात गेली होती आणि अन्न भांड्यात. आणि हे सगळं त्यांच्या अक्षरासमोर, त्यांचा शब्द पाळून, वहीत खूण करून झालं होतं. इतकं काटेकोर कुणी विषही घेत नाही.

"पण त्याला कळलं कसं नाही?" बाईंनी विचारलं. "अन्नासोबत कशासाठी सांगितलंय असं वाटलं त्याला?"

"गोळी कडू ना भारी. मी विचारलं होतं एकदा. साहेब हसले. म्हणाले, कडवटपणा जिभेवर राहू नये म्हणून ताईने लिहिलंय. माझ्या जिभेची माझ्यापेक्षा तिलाच जास्त काळजी."

बाई त्या खुर्चीत मटकन बसल्या. समोर भिंतीवर त्यांचंच अक्षर होतं. ज्याचं सगळं आयुष्य जिभेवर चाललंय, त्याला दुसरं काय सुचणार होतं? त्याने विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. लिहिलंय ना, मग तसं घे. त्या मोठ्याने रडल्या. परक्या खोलीत, परक्या बाईसमोर, लाज सोडून रडल्या.

इस्पितळात परतल्यावर त्यांनी पाकीट टेबलावर आपटलं नाही. दोन्ही हातांनी पुढे केलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "थुंकत होते?" त्यांनी दोनदा विचारलं. "इतकी वर्षं ही नोकरी करतेय, असं कधी ऐकलं नाही."

"चूक माझी आहे. का ते मी सांगितलं नव्हतं."

"अन्न म्हणजे काही चिलखत नव्हे," डॉक्टरीणबाई जरा मऊ झाल्या. "ही गोळी भरल्या पोटीही कधीकधी दगा देते. पण उपाशी पोट, वर व्हिनेगर आणि मिरचीच्या चवीने दिवसभर सुटणारं आम्ल, आणि त्यात रोज दोनदा ही. तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. हेच तर होतं. सगळं माहीत होतं आणि त्या माहितीतला एक शब्द काउंटरच्या पलीकडे गेला नव्हता. ती रात्र भावजयीच्या खांद्याला खांदा लावून बाकावर बसून गेली.

सकाळी तासाभरासाठी दुकान उघडावंच लागलं, नेहमीचे आजारी वाट बघत होते. पहिले आले ते निवृत्त मास्तर. पायाच्या नखांना बुरशी लागली होती, त्यावरची गोळी न्यायला. बाईंनी पेन उचललं आणि तसंच हवेत धरलं. "मास्तर, ही जेवणासोबत का घ्यायची, माहीत आहे?"

मास्तर दचकले. या दुकानात प्रश्न उलट्या दिशेने कधी आलाच नव्हता. "घशात अडकू नये म्हणून, नाही का? मी एक द्राक्ष खातो तिच्याबरोबर."

"एक द्राक्ष?"

"दोन खायची का?"

ती गोळी रक्तात उतरायला चांगलं भरपेट, तुपातेलाचं जेवण लागतं. मास्तर तीन महिने एका द्राक्षाबरोबर ती घेत होते आणि नखं बरी होत नाहीत म्हणून डॉक्टरांना शिव्या घालत होते. बाईंनी कपाळाला हात लावला. मागे उभी असलेली शिवणकाम करणारी बाई आपणहून बोलली, "मी तर साखरेची गोळी वेळेवर घेते बाई. काम आलं तर जेवण राहतं एखादवेळी, पण गोळी नाही चुकवत. तुम्ही लिहिलंय ना."

"आणि मग हातपाय थरथरतात? घाम फुटतो?"

"अय्या! तुम्हाला कसं कळलं?"

जेवणातून येणारी साखर आवरायला दिलेली गोळी. जेवणच नाही म्हटल्यावर ती अंगातलीच साखर ओढून नेत होती. एखाद दिवशी ही बाई शिलाई मशीनवरच कोसळली असती. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. मग मास्तरांना सांगितलं. मागे खरोखरची रांग लागली, कुणीतरी खाकरलं, पण बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. किती असतील असे? बावीस वर्षांत किती पाकिटं? त्यांना हिशेब करवेना. त्यांनी शटर ओढलं आणि इस्पितळ गाठलं.

दुपार झाली. रक्त पुन्हा आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "निभावलं. थोडं पातळ सूप द्या आता, कोमट."

भाऊ उशीला टेकून बसला होता. ताईला बघून त्याने ओठ हलवले. "एकही चुकवली नव्हती गं मी." जणू तीच त्याला रागावणार होती. बाईंनी त्याचा हात दाबला.

नर्सने बटाट्याच्या सुपाची वाटी आणून ठेवली. भावजयीने पहिला चमचा त्याच्या तोंडात दिला. त्याने डोळे मिटले. सूप जिभेवर फिरवलं, या गालातून त्या गालात नेलं, नाकाने हळूच श्वास घेतला. चेहऱ्यावर जरा रंग आल्यासारखा वाटला. मग तो बाजूला वाकला, खाटेवरचा स्टीलचा ट्रे ओढला आणि सगळं सूप व्यवस्थित त्यात थुंकला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "आणि बटाटा जुना."

भावजयीच्या हातातला चमचा तसाच राहिला. नर्स दारात थबकली. तो तिघींकडे आळीपाळीने बघत राहिला. "काय झालं? जास्त बोललो का?"

त्याला अजूनही काही कळलं नव्हतं. मरता मरता वाचला होता, आणि कशाने मरत होता हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. बाईंनी भावजयीच्या हातातून चमचा घेतला, वाटीत बुडवला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. सूप आत गेलं आणि चाळीस वर्षांपूर्वीसारखं गालात जाऊन बसलं. त्याची नजर ट्रेकडे वळली. बाईंनी ट्रे उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"गिळ, बारक्या," त्या म्हणाल्या. "का ते सांगते."

आणि त्याचा फुगलेला गाल तळव्यात धरून त्या सांगायला लागल्या. पोटाला आतून मऊ अस्तर असतं इथपासून, ती गोळी खांद्याचं दुखणं थांबवते तशी ते अस्तर राखणारं कामही थांबवते इथपर्यंत, अन्न जिभेसाठी नव्हतं रे, त्या अस्तरासाठी होतं, हे सगळं, एकेक करून, काही न गाळता. तो गाल फुगवून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे होत गेले, भांड्यात गेलेले सगळे चमचे त्यात उभे राहिले, आणि मग त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.